एका रोग्याचे तीन धनी

भोकर तालुक्यातील एखाद्या शेतमजुराच्या मुलाने बोलणे टाकले, रात्र रात्र जागून तो स्वतःशीच पुटपुटू लागला, तर कागदावर त्याच्यासाठी व्यवस्था सिद्ध आहे. गावात आशाताई, पुढे प्राथमिक आरोग्य केंद्र, भोकरचे शासकीय रुग्णालय आणि शेवटी नांदेडचे मानसोपचारतज्ज्ञ. परंतु गोळ्या मध्येच संपल्या तर जाब कोणाला विचारावयाचा? आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे, ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकाकडे, विष्णुपुरीचे वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. प्रत्येकाचा हिशेब वर जातो. रोग्याकडे कोणाचाच येत नाही.

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील जुनी मनोरुग्णालये इंग्रजी अमलातली. निजामाच्या राज्यात राहिलेल्या मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही. म्हणूनच १९९६ साली देशात सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम येथे अधिक मोलाचा. शेतकरी आत्महत्यांमुळे राज्याने काढलेल्या प्रेरणा प्रकल्पातही नांदेड होते. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने तर उपचार हा हक्कच ठरविला. जिल्ह्यात किमान शासकीय सेवा नसेल, तर जिल्ह्यातच अन्यत्र घेतलेल्या उपचाराचा खर्च शासनाने सोसावा, असे कलम १८ सांगते. हे कलम भोकरच्या बाजारात किती जणांनी ऐकले असेल?

सत्ताधाऱ्यांना उत्तरदायित्व म्हटले की देखावा सुचतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाल्याचे उघड झाले, तेव्हा एका खासदाराने अधिष्ठात्यांनाच प्रसाधनगृह स्वच्छ करावयास लावले. छायाचित्रे झळकली. औषधखरेदी कोणी रखडविली, पदे कोणी रिक्त ठेवली, हे प्रश्न मात्र मंत्रालयाच्या जिन्यापर्यंतही पोहोचले नाहीत. देखावा नसेल तेव्हा तक्ते असतात, आणि ते भरण्याचा भार मोबदल्यावर राबणाऱ्या आशाताईवर पडतो. चूक वरची, नोटीस खालच्याला, ही आपल्या प्रशासनाची जुनी रीत.

याच महाराष्ट्रात २००७ पासून पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनी आरोग्य केंद्रांना गुण दिले, जनसुनवाईत अधिकाऱ्यांना समोर बसवून उत्तरे घेतली. त्या पाचांत मराठवाड्यातील उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, होते. नांदेडला तीच वाट मानसिक आरोग्यासाठी धरता येईल. रोग्याचे नाव चव्हाट्यावर येईल ही भीती रास्त आहे, पण जनसुनवाईत नावे वाचावयाची नाहीतच. वाचावयाचे ते औषध नसलेले दिवस, न झालेल्या फेऱ्या, मध्येच उपचार सुटलेल्यांची संख्या. तीन खात्यांच्या तीन नोंदवह्यांऐवजी एकच नोंदवही आणि तिच्यासाठी जबाबदार एकच अधिकारी असला, तर आशाताईचेही ओझे हलके होईल.

भोकरच्या कार्यकर्त्यांनी शासनाच्या परवानगीची वाट पाहू नये. माहितीच्या अधिकाराखाली गेल्या वर्षाचा औषधसाठा, मानसोपचारतज्ज्ञांच्या फेऱ्यांच्या तारखा आणि जिल्ह्यासाठीच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाच्या बैठकांची नोंद मागावी, आणि उत्तर येईल ते आठवडी बाजाराच्या दिवशी रुग्णालयाच्या दारात मोठ्याने वाचून दाखवावे.