अनामिकांचे दालन

रायपूरच्या महंत घासीदास स्मारक वस्तुसंग्रहालयात सिरपूरच्या बौद्ध कांस्यमूर्ती आहेत. त्यांच्यापुढे उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकाला शतक, राजवंश, शैली असे सारे काही सांगितले जाते. त्याच प्रांतातील बस्तरचा घडवा मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळतो, वर मातीचा लेप देतो, मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओततो. तंत्राचे कूळ एकच. परंतु आपल्या संग्रहालयांच्या रूढीप्रमाणे पहिली वस्तू कलेतिहासाच्या दालनात जाते आणि दुसरी मानववंशशास्त्राच्या. दुसरीच्या चिठ्ठीवर 'आदिवासी, बस्तर' एवढे लिहिले की अभिरक्षकाचे कर्तव्य संपते.

हा विभागणीचा रोग आपण उसना घेतलेला आहे. १८९७ साली ब्रिटिश फौजेने पश्चिम आफ्रिकेतील बेनिन लुटले, तेव्हा तेथील पितळी पट्ट आफ्रिकी हातांनी ओतलेले असू शकतील यावर युरोपीय विद्वानांचा प्रथम विश्वासच बसेना; पोर्तुगीज प्रभावाचे तर्क लढविण्यात आले. हे ओतारी दरबारी श्रेणीतील कारागीर होते, त्यांचा मोहल्ला ठरलेला होता, हे कळल्यावरही त्या वस्तू कित्येक दशके मानववंशशास्त्राच्याच दालनांत राहिल्या. १९८४ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने पिकासोच्या शेजारी आफ्रिकी मुखवटे मांडले. पिकासोच्या चित्राला वर्ष होते, मुखवट्याला नव्हते. टॉमस मॅकएव्हिली या समीक्षकाने नेमके यावरच बोट ठेवले. मुखवट्याला इतिहास नाकारला की तो पिकासोच्या इतिहासातील एक टीप होऊन बसतो.

आपल्याकडे या विभागणीला ज्याने खरा छेद दिला तो अभिरक्षक रायपुरात नव्हे, भोपाळला होता. १९८२ साली उघडलेल्या भारत भवनाच्या 'रूपंकर' संग्रहालयात जगदीश स्वामिनाथन यांनी तेव्हाच्या मध्य प्रदेशातील खेड्यापाड्यांतून आणलेल्या कृती नागर चित्रकारांच्या कृतींबरोबर एकाच छपराखाली ठेवल्या. आदिवासी हा आपला पूर्वज नव्हे, समकालीन आहे, ही त्यांची धारणा होती. पुढे १९८९ साली पॅरिसच्या 'मॅजिशियाँ द ला तेर' या प्रदर्शनात पाटणगढचे जनगढ सिंह श्याम आणि ठाणे जिल्ह्यातले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे हे दक्षिण आफ्रिकेच्या एस्थर म्हलांगू आणि काँगोच्या शेरी सांबा यांच्या बरोबरीने, स्वतःच्या नावानिशी आले.

यावर नेहमीचा आक्षेप असा की आदिवासी कला सामूहिक असते, तिला नाव चिकटविणे म्हणजे बाजाराला शरण जाणे. हा आक्षेप घेणाऱ्यांनी सरगुजातील पुहपुटरा येथील सोनाबाई रजवार यांचे घर आठवावे. पतीच्या निर्बंधामुळे वर्षानुवर्षे त्या घराच्या चार भिंतींआड राहिल्या. मुलासाठी मातीची खेळणी करता करता त्यांनी बांबूच्या चौकटीवर मातीच्या जाळ्या उभारल्या, त्यांत पक्षी, माणसे, माकडे बसविली. या निर्मितीत समूह कोठे होता? उलट कोंडागावात कोणती मूर्ती कोणाच्या भट्टीतली, हे शेजाऱ्याला पाहताक्षणी कळते. अनामिकता ही त्या समाजाची रीत नाही, ती संग्राहकाची सोय आहे. नाव लिहिले की मोबदल्याचाही प्रश्न येतो.

मात्र नाव लिहून सारे भागते असे मानणेही भाबडेपणाचे. जनगढ यांचे नाव पॅरिसपर्यंत पोहोचले होते. २००१ च्या जुलैमध्ये जपानमधील एका संग्रहालयात निवासी चित्रकार असताना त्यांनी जीवनाचा अंत केला. चौकटीखाली नाव छापणारी कलासंस्था त्या नावाच्या माणसाला परदेशी किती काळ, कोणत्या अटींवर आणि कोणाच्या सोबतीने ठेवते, ही चौकशी कलासमीक्षेच्या कक्षेबाहेरची ठरविली गेली. ती तशी नाही.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ वेगळे झाले. बस्तर आणि सरगुजा रायपूरच्या वाट्याला आले, 'रूपंकर' भोपाळलाच राहिले. २००६ साली नव्या राजधानीच्या परिसरात 'पुरखौती मुक्तांगण' उघडले. नावातच पुरखे, म्हणजे पूर्वज. जिवंत कारागिरालाही पूर्वजांच्या अंगणात बसविण्याची ही हौस तपासून पाहायला हवी. भव्य इमारतीपेक्षा आधी नोंदवही बदलावी लागेल: कर्त्याचे नाव, गाव, वर्ष, वस्तूला त्याच्या भाषेतील शब्द आणि तिच्यासाठी त्याला दिलेली रक्कम. ही शेवटची रकाना भरताना पुष्कळ हात थबकतील.