गोड प्रश्न, अवघड प्रश्न

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि त्याच वर्षी तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा गप्पांचा कार्यक्रमही. तो १९९३ पर्यंत, म्हणजे तब्बल एकवीस वर्षे चालला. देशातला पहिला टॉक शो म्हणून त्याचे नाव घेतले जाते. त्या काळी ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या घरी सगळी आळी!

तबस्सुम यांचा जन्म १९४४ सालचा, मुंबईतला. लहानपणीच त्या ‘बेबी तबस्सुम’ म्हणून पडद्यावर आल्या. ‘दीदार’मध्ये (१९५१) छोटी नर्गिस, ‘बैजू बावरा’मध्ये (१९५२) छोटी मीनाकुमारी त्यांनीच रंगवली. त्यामुळे समोर बसलेला नट त्यांना परका नव्हता. हसत, विनोद सांगत त्या त्याला बोलते करीत. अडचणीत मात्र टाकत नसत.

याला कुणी गुळमुळीतपणा म्हणेल. मला तसे वाटत नाही. नटाचा संसार ही काही सार्वजनिक मालमत्ता नव्हे. त्याच्याशी गोड बोलण्याने कुणाचे काय बुडते? गोड प्रश्नाची ती योग्य जागा होती. आज जागांचीच अदलाबदल झाली आहे. नटीच्या घटस्फोटाची उलटतपासणी चालते आणि सत्तेवरच्या माणसाला ‘आपण थकत कसे नाही?’ असे विचारले जाते.

बँकेत नोकरी करताना हा प्रकार मी जवळून पाहिला. म्हशीसाठी कर्ज मागायला आलेल्या शेतकऱ्याला सतरा प्रश्न. मोठा उद्योजक आला की आधी चहा. ज्याच्याकडून येणे मोठे, त्याला विचारणे कमी!

आमच्या मारुंजीचेच पाहा. हिंजवडीच्या आयटी पार्कशेजारी शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. लाखोंचे कर्ज काढून घर घेतलेली तरुण मंडळी टँकरची वाट पाहतात. नळाला पाणी नसताना परवानगी कुणी दिली, कशाच्या आधारावर दिली? हा अवघड प्रश्न. पण पुढारी गणेशोत्सवाच्या मंचावर आले, की त्यांना शाल, श्रीफळ आणि आवडता पदार्थ कोणता, एवढेच विचारले जाते.

१८ नोव्हेंबर २०२२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तबस्सुम गेल्या. अखेरच्या वर्षांत त्या यूट्यूबवर जुन्या सिनेमाच्या आठवणी सांगत होत्या. तोच जिव्हाळा, तेच हसू. त्यांच्याकडून आपण पाहुण्याला मान द्यायला शिकावे. पण पाहुणा कोण आणि आपला देणेकरी कोण, हे आधी ठरवावे. यंदा मंडळाने मुलाखत ठेवली, तर शाल खुशाल द्या. पहिला प्रश्न मात्र पाण्याचा असू द्या, आणि उत्तर मिळेपर्यंत दुसरा विचारू नका.