‘ने-आण फ्री’ म्हणणं बंद करा: मिनी ट्रॅक्टर भाड्याने देणाऱ्यांसाठी

मिनी ट्रॅक्टर घेऊन भाड्याचा व्यवसाय सुरू करणाऱ्यांची संख्या वाढतेय, आणि ते चांगलंच आहे. निफाड, दिंडोरी किंवा तासगावच्या द्राक्षपट्ट्यात दोन ओळींमधून मोठा ट्रॅक्टर फिरवणं अवघड, तिथे छोटाच चालतो. छाटणीनंतर फवारणीची घाई असते, कस्टमर स्वतः फोन करतो. पण बहुतेक जण कार्डावर एक ओळ छापतात: ‘ने-आण फ्री’. माझं स्पष्ट मत आहे की ही ओळ धंद्यालाही धोक्याची आहे आणि माणसालाही.

आधी हिशोब बघू. समजा, २० किलोमीटरवर ३ तासांचं काम आहे. तासाला ८०० प्रमाणे २,४०० रुपये झाले. डिझेल, ड्रायव्हर, झीज वजा जाता १,००० उरले. आता मिनी ट्रॅक्टर ट्रॉलीत घालून मोठ्या ट्रॅक्टरने न्यायचा-आणायचा, त्याचं डिझेल आणि मदतनिसाची हजेरी मिळून ७०० गेले. हातात राहिले ३००. मग माणूस काय करतो? मदतनीस कमी करतो, चार पट्ट्यांऐवजी एक जुना दोर बांधतो, सहा फुटी फळ्यांवर भागवतो. फ्रीचा खर्च असा सुरक्षिततेतून वसूल होतो.

ने-आण फुकट का परवडत नाही, हे काम नीट करायला काय लागतं ते पाहिलं की कळेल.

पहिलं, वजन. २०–२५ एचपीचा मिनी ट्रॅक्टर साधारण ६५० ते १,००० किलोचा असतो. रोटाव्हेटर वेगळा. फवारणीची ५०० लिटरची टाकी भरलेली असेल तर अर्धा टन आणखी, आणि ते पाणी वळणावर हिंदकळतं. टाकी रिकामी करूनच निघा. पिकअपने नेत असाल तर आरसी बुकातलं एकूण वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन, एवढीच तिची क्षमता. ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये.

दुसरं, चढाव. ट्रॉली ३ फूट उंच आणि फळी ६ फुटी असेल तर चढ ३० अंशांचा होतो. तिथे ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उचललं जाऊन तो मागे उलटू शकतो. फळी १२ फुटी घेतली तर चढ १५ अंशांच्या आत येतो. त्याहून सोपं म्हणजे ट्रॉली बांधाला लावायची. अवजार काढून ठेवा, ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये चढवा आणि पुढच्या गिअरमध्ये उतरवा, म्हणजे जड बाजू कायम वरच्या अंगाला राहते. डाव्या-उजव्या ब्रेकचे पॅडल एकत्र लॉक करा. उतरताना क्लच दाबायचा नाही. फळीच्या रेषेत कोणीही उभं राहायचं नाही.

तिसरं, वजन कुठे ठेवायचं. बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते. दोन चाकी ट्रॉलीचंही तसंच. मागे जड झाली की ती पुढच्या ट्रॅक्टरची मागची चाकं उचलते, पकड जाते आणि ट्रॉली शेपटीसारखी हलायला लागते. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यायला हवा. चढवताना ट्रॉलीच्या मागच्या टोकाखाली मजबूत लाकडी ठोकळे द्या आणि हुकाच्या पिनेला लॉक लावलंय ना, ते बघा.

चौथं, बांधणी. साधा हिशोब लक्षात ठेवा: ब्रेक मारल्यावर पुढच्या दिशेला ट्रॅक्टरच्या वजनाच्या ८० टक्के आणि बाजूंना-मागे ५० टक्के ओढ धरेल अशी बांधणी हवी. ८०० किलोच्या ट्रॅक्टरला पुढे ६४० किलो, बाजूंना-मागे ४०० किलो. नायलॉनचा दोर ताणतो, गाठ हादऱ्याने सैल होते. रॅचेट पट्टे किंवा साखळ्या चारही कोपऱ्यांतून, चेसिसला किंवा अॅक्सलला लावा. स्टिअरिंगच्या रॉडला कधीच नाही. गिअर टाका, हँडब्रेक ओढा, चावी काढा. पाचेक किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा ताणा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: ट्रॉलीतल्या ट्रॅक्टरवर पोरगं बसवून न्यायचं नाही. ‘धरून बसेल’ म्हणतात. ट्रॅक्टर सरकला तर तो धरून काय करणार? बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, म्हणून वेगही आवरा आणि मागे रिफ्लेक्टर लावल्याशिवाय रात्री निघू नका.

तुम्ही म्हणाल, ‘सर, कस्टमर वाहतुकीचे वेगळे पैसे देत नाही. शेजारचा फ्री नेतो.’ अडचण खरी आहे. पण त्यावर उपाय रेट पाडणं नाही. १० किलोमीटरच्या आतलं काम सध्याच्या रेटमध्ये घ्या, त्यापुढे किलोमीटरप्रमाणे आकारा. किंवा एका गावात किमान ६ तासांचं बुकिंग असेल तरच जा. तीन शेजारी शेतकऱ्यांनी मिळून बोलावलं तर वाहतूक तिघांत वाटली जाते, कोणालाच जड होत नाही. अशा मिळून बुकिंगसाठी गावात एक माणूस हाताशी धरा.

ज्यांनी अजून ट्रॅक्टर घेतलेला नाही, त्यांनी प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये लांब फळ्या आणि पट्टे भांडवलात धरा, मदतनिसाची हजेरी चालू खर्चात. विमा एजंटला लेखी विचारा, ट्रॅक्टर ट्रॉलीत असताना नुकसान झालं तर पॉलिसी चालेल का. ज्यांचा व्यवसाय चालू आहे, त्यांनी आज रेटकार्ड बदला. ‘ने-आण फ्री’ खोडा आणि तिथे लिहा: ‘वाहतूक वेगळी, ट्रॅक्टर नीट बांधून आणतो.’