डिस्चार्ज दिला, जबाबदारी संपली?

मेडिकल कॉलेजचे रुग्णालय आणि वृद्धाश्रम एकाच शहरात असतात, पण त्यांची एकमेकांशी ओळख नसते. खुब्याचे हाड मोडले की शस्त्रक्रिया होते, पुढच्या रुग्णासाठी खाट रिकामी करावी लागते आणि म्हातारे माणूस हातात कागद घेऊन आश्रमात परत येते. त्यानंतर पाठीला जखम झाली, दोन डॉक्टरांची एकच गोळी दोनदा पोटात गेली, तर विचारायचे कोणाला?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दोन यंत्रणा जोडताना कोणती माहिती कोणाकडे जाणार आणि अडले तर उत्तर कोण देणार, हे आम्ही आधी लिहून ठेवतो. इथे सगळा भार एका डिस्चार्ज कार्डावर. तेही इंग्रजीत आणि घाईच्या अक्षरात.

माझ्या खालांना एका सरकारी रुग्णालयातून आश्रमात पाठवले, तेव्हा लघवीची नळी कधी बदलायची हे कार्डावर नव्हते. आश्रमातल्या ताईंनी फोन केला. उत्तर मिळाले, "ओपीडीत घेऊन या." जी बाई कुशीवर वळू शकत नाही, तिला रिक्षात घालून रांगेत उभे करायचे?

यावर उपाय नवा नाही. अमेरिकेत रॉबर्ट बटलर यांनी 'शिकवणारे नर्सिंग होम' ही कल्पना मांडली. तिथे नर्सिंग होम म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषेचे निवास, आपल्याकडच्यासारखे छोटे खाजगी रुग्णालय नव्हे. पुढे १९८२ ते १९८७ या काळात रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनने नर्सिंग कॉलेजे आणि अशी निवासे जोडण्याचा कार्यक्रम चालवला. विद्यार्थ्यांनी तिथे जाऊन शिकायचे आणि तिथल्या वृद्धांची देखभाल सुधारायची, असा तो व्यवहार होता.

आपल्याकडे तर कायद्याचाही आधार आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २० सांगते की सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी शक्य तितक्या खाटा व वेगळी रांग असावी, जुनाट आजारांवरील उपचारांची सोय वाढवावी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना गावातील कुटुंबे दत्तक घ्यायला लावली आहेत. मग कॉलेजपासून दोन किलोमीटरवरचा वृद्धाश्रम का नको?

डॉक्टरांवर आधीच ताण आहे, असे म्हणतात. खरे आहे. पण आश्रमात वेळेवर न धुतलेली जखम चिघळून शेवटी त्याच डॉक्टरांच्या वॉर्डात येते. दुसरा आक्षेप, "आपल्या संस्कृतीत वृद्धाश्रम बसत नाही." हे मी हिंदू घरांत ऐकतो आणि मुस्लिम घरांतही. ज्यांना मूलबाळ नाही, ज्यांची मुले स्वतःच भाड्याच्या एका खोलीत राहतात, त्यांची सोय या वाक्याने होत नाही.

मागणी साधी आहे. प्रत्येक सरकारी मेडिकल कॉलेजने जवळच्या वृद्धाश्रमांशी लेखी करार करावा. आठवड्यातून एकदा इंटर्न आणि नर्सिंगचे विद्यार्थी वरिष्ठांसोबत तिथे जावेत. डिस्चार्जच्या सूचना मराठीत, आणि लागेल तिथे हिंदी-उर्दूत, छापील मिळाव्यात. एका डॉक्टरचे नाव आणि फोन नंबर आश्रमाच्या भिंतीवर लागावा. यासाठी नवी इमारत लागत नाही.

आपल्या शहरातल्या कॉलेजच्या अधिष्ठात्यांना या महिन्यात पत्र लिहा. पत्राची पोच घ्यायला विसरू नका.