कारण सापडले नाही म्हणून आजार खोटा?

आरंभी एक कबुली देतो.

परतवाड्याच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवीत असे, तेव्हाची गोष्ट. नववीच्या वर्गात एक मुलगा होता. मोठ्या तापातून उठून तो शाळेत येऊ लागला होता. पहिले दोन तास तो नीट बसे. तिसऱ्या तासाला त्याचे डोके बाकावर टेके. ताप उतरला होता, अंगावर काही खूण नव्हती, डॉक्टरांचे औषधही संपले होते. तेव्हा हा मुलगा आळशी आहे, असा निष्कर्ष मी काढला आणि त्याला बाकावर उभे केले. त्याच तासाला मी फळ्यावर लिहिले होते, ‘निरीक्षण आधी, निष्कर्ष नंतर.’

पुढे २००७ सालच्या पावसाळ्यात मलाच ताप आला. आठवड्याभरात तो उतरला, पण अंगातली शक्ती परत आली नाही. आधी मी सायकलने अचलपूरला जाऊन येत असे. आता जयस्तंभापर्यंत चालत गेलो, तर त्या दिवशी काही होत नसे. पण दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नसे. हातपाय दुखत, उजेड सहन होत नसे, वाचलेले वाक्य पुन्हा वाचावे लागे. रात्रभर झोपूनही सकाळी झोप झाल्यासारखे वाटत नसे. रक्त तपासले, थायरॉइड तपासले, साखर तपासली, छातीचा फोटो काढला. सगळे ठीक! शेजारचे गृहस्थ म्हणाले, “सर, दिसता तर चांगले जी! कायची बिमारी आहे तुमाले?”

या प्रश्नाचे उत्तर मिळायला मला दोन वर्षे लागली. इंग्रजीत या आजाराला ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ म्हणतात. त्याचे दुसरे नाव ‘मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस’, थोडक्यात ‘एमई’. आपण त्याला दीर्घ थकव्याचा विकार म्हणू. हे नाव मात्र फसवे आहे. थकवा कोणाला येत नाही? संत्र्यांच्या बागेत दिवसभर राबलेला मजूरही थकतो. पण तो रात्री झोपतो आणि सकाळी ताजा होतो. या विकारात विश्रांतीने थकवा भरून येत नाही आणि थोड्याशा श्रमानेही सारी लक्षणे एक-दोन दिवसांनी उसळतात. अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने २०१५ साली ही श्रमानंतरची घसरणच आजाराची मुख्य खूण मानली. काही संशोधकांनी रुग्णांना लागोपाठ दोन दिवस व्यायामाच्या सायकलवर बसवून त्यांचा श्वास मोजला. निरोगी माणूस दुसऱ्या दिवशी जवळजवळ पहिल्या दिवसाइतकेच काम करतो. रुग्णांचे काम दुसऱ्या दिवशी घटलेले आढळले.

मग याचे कारण काय? येथेच आपल्या शिकण्याची खरी गोष्ट सुरू होते.

लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १९५५ साली एक साथ आली. तेथील २९२ कर्मचारी आजारी पडले आणि रुग्णालय दोन महिन्यांहून अधिक काळ बंद ठेवावे लागले. पंधरा वर्षांनी, १९७० साली, मॅक्‌इव्हेडी आणि बिअर्ड या दोन मानसरोगतज्ज्ञांनी जाहीर केले की हा समूहाचा उन्माद होता. त्यांचा एक मोठा आधार काय होता? रुग्णांत स्त्रिया फार होत्या! हा निष्कर्ष त्यांनी जुन्या कागदांवरून काढला. रुग्णांना तपासले नाही. तुम्हीच सांगा, स्त्रियांना अधिक होतो म्हणून एखादा आजार मनाचा ठरतो काय? थायरॉइडचे विकारही स्त्रियांत अधिक असतात. तरीही ‘उन्माद’ हा शब्द पुढे कितीतरी वर्षे रुग्णांच्या मागे लागला.

१९८० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात, टाहो सरोवराच्या काठी असे पुष्कळ रुग्ण आढळले. त्यांच्या रक्तात एपस्टाइन-बार विषाणूविरुद्ध प्रतिद्रव्ये सापडली. चोर सापडला असे वाटले! परंतु हा विषाणू जगातील दहापैकी नऊ प्रौढांच्या शरीरात कधी ना कधी शिरलेला असतो. निरोगी माणसांचे रक्त तपासले, तर तेथेही प्रतिद्रव्ये होतीच. म्हणजे या एका विषाणूवर साऱ्या आजाराचा आरोप ठेवता येईना. अखेर १९८८ साली शास्त्रज्ञांनी कारणाचा उल्लेख नसलेले ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ हे नाव दिले.

यानंतरची गोष्ट माझ्या स्वतःच्या आशेची आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये ‘सायन्स’ या प्रसिद्ध नियतकालिकात एक शोधनिबंध आला. १०१ रुग्णांपैकी ६८ जणांच्या रक्तात ‘एक्सएमआरव्ही’ नावाचा विषाणू सापडला होता. २१८ निरोगी माणसांत तो फक्त ८ जणांत होता. येथे निरोगी माणसांशी तुलनाही केलेली होती! बातमीचे कात्रण मी वहीत जपून ठेवले. कारण कळले, आता औषधही येईल, असे मला वाटले. पण इतर प्रयोगशाळांना तो विषाणू सापडेना. शोध घेता घेता कळले की तो मुळात माणसांत फिरणारा विषाणूच नव्हता. १९९० नंतरच्या काळात प्रयोगशाळेत, उंदरांच्या शरीरात माणसाच्या अर्बुदाच्या पेशी वाढविताना, उंदरांच्याच दोन विषाणूंच्या तुकड्यांपासून तो तयार झाला होता. रक्ताच्या नमुन्यांत तो बाहेरून मिसळला होता. डिसेंबर २०११ मध्ये ‘सायन्स’ने तो निबंध मागे घेतला.

त्या दिवशी मला फार वाईट वाटले. पण आज मी ते कात्रण मुलांना मुद्दाम दाखवितो. विज्ञान चुकले, हे खरे. पण ती चूक विज्ञानानेच शोधली. माझी आशा मोडली म्हणून मी चुकीच्या उत्तराला धरून बसणे बरोबर झाले असते काय?

आणखी एक मत फार काळ चालले. ते असे: रुग्ण श्रमाला घाबरतात, म्हणून हालचाल कमी करतात, हालचाल कमी झाल्याने शरीर दुबळे होते, सबब व्यायाम रोज थोडा थोडा वाढविला की ते बरे होतील. २०११ साली ब्रिटनमध्ये ६४१ रुग्णांवरील मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिचे नाव ‘पेस’. वाढत्या व्यायामाने आणि मानसोपचाराने पुष्कळांना गुण येतो, असे तिच्यात म्हटले होते. परंतु रुग्णांनीच आकडे बारकाईने वाचले. शारीरिक क्षमतेची मोजपट्टी शून्य ते शंभर अशी होती. ६५ किंवा त्याहून कमी गुण असलेल्यांना आजारी म्हणून चाचणीत घेतले होते. आणि ‘बरा झाला’ असे ठरविण्याच्या कसोट्यांत या मोजपट्टीची पायरी ६० वर आणली होती! मूळ आराखड्यात ती ८५ होती. एखादा मुलगा ६५ गुणांवर नापास आणि ६० वर पास, असा निकाल तुमच्या शाळेने लावला तर तुम्ही गप्प बसाल काय? एका ऑस्ट्रेलियन रुग्णाच्या अर्जावरून २०१६ साली न्यायाधिकरणाने चाचणीची आकडेवारी उघड करण्याचा आदेश दिला. मूळ कसोटी लावल्यावर ‘बरे झालेल्यां’चा तो मोठा फरक उरला नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ साली या आजारासाठी ठरावीक पद्धतीने वाढत जाणारा व्यायाम देऊ नये, असे सांगितले.

आता आपल्या जवळचे उदाहरण पाहू. गोव्यात हळदोणे भागात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली. ती २००५ साली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा असल्याचे १२ टक्के स्त्रियांनी सांगितले. हा थकवा रक्तातील हिमोग्लोबिनशी निगडित आढळला नाही. गरिबी, मनाचे त्रास आणि नवऱ्याकडून होणारा जाच यांच्याशी मात्र तो निगडित होता. ही पाहणी मोलाची आहे. आपल्या आयाबहिणींचा थकवा नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी जाणार नाही, हे ती सांगते. पण तिचा अर्थ लावताना दोन गोष्टी विसरू नका. तिने विचारले ते थकव्याविषयी. थकव्याचा विकार ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. दुसरे असे की, दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. उदास माणूस थकतो, तसा सदा थकलेला माणूसही उदास होतो.

मला सर्वांत पटलेला अभ्यास डबो येथला आहे. ऑस्ट्रेलियातील हे आपल्या परतवाड्यासारखे लहान गाव. तेथे तीन निरनिराळ्या जंतूंनी आजारी पडलेल्या २५३ लोकांवर संशोधकांनी पहिल्यापासून लक्ष ठेवले. सहा महिन्यांनी त्यांतील सुमारे ११ टक्के लोकांना हाच विकार जडलेला होता. जंतू कोणता होता यावर ते अवलंबून नव्हते. रुग्णाच्या स्वभावावरही नव्हते. मुख्यतः मूळ आजार किती तीव्र होता, यावर ते अवलंबून होते. २००६ साली हे प्रसिद्ध झाले. २०२० नंतर कोविडमधून उठलेल्या कित्येकांना असाच त्रास झाला, तेव्हा जगाचे लक्ष इकडे वळले. २०२५ साली ब्रिटनमधील संशोधकांनी १५ हजारांहून अधिक रुग्णांची गुणसूत्रे तपासून आठ ठिकाणी फरक दाखविले. त्यांतील काहींचा संबंध प्रतिकारशक्तीशी आणि ज्ञानतंतूंशी दिसतो. हे धागे आहेत. पूर्ण उत्तर अजून हाती आलेले नाही.

तेव्हा माझे मत सांगतो. ‘कारण ठाऊक नाही’ हे विज्ञानातले प्रामाणिक उत्तर आहे. ‘कारण ठाऊक नाही, म्हणून आजार नाही’ हे मात्र विज्ञान नव्हे. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ साली दाखविला. त्याच्या आदल्या वर्षी मेलेले क्षयरोगी काय सोंग करीत होते?

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती आहे. तापातून उठलेला मुलगा आठवडेच्या आठवडे मान टाकून बसला, तर आधी त्याला डॉक्टरांकडे पाठवा. थकव्याची बहुतेक कारणे सापडणारी आणि उपचार होणारी असतात: रक्तक्षय, थायरॉइड, क्षय आणि आपल्या मेळघाट-वऱ्हाडात सिकलसेल. सगळे तपासूनही काही सापडले नाही, तर मुलाला खोटे ठरवू नका. त्याला कवायतीतून सूट द्या, दोन तासांनंतर पडू द्या, गृहपाठ कमी द्या. आणि पालकांनो, ‘हमखास गुण’ देणाऱ्यांपासून सावध राहा. ज्या आजाराचे कारण अजून सिद्ध झालेले नाही, त्यावर हमखास औषध कोठून येणार?

मी आता शाळा सोडली आहे. घरी चार-सहा मुलांना शिकवितो. रोज एकच तास, तोही आरामखुर्चीत बसून. आज किती करायचे हे सकाळीच ठरवितो आणि अंगात जोर वाटला तरी त्यापुढे जात नाही. असे केल्याने आजार बरा झालेला नाही, पण वारंवार अंथरूण धरणे कमी झाले आहे.

त्या नववीतल्या मुलाला काय झाले होते, ते मला आजही ठाऊक नाही. मी विचारलेच नव्हते. तो पुढे बरा झाला असेल. पण त्या दिवशी एक प्रश्न विचारण्याऐवजी मी त्याला बाकावर उभे केले, ती चूक कोणत्याही विषाणूची नव्हती. ती माझी होती.