उतारूचा हक्क आणि कंपनीची मेहेरबानी

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीचे, ‘इंडिगो’चे, वेळापत्रक पार कोलमडले. ५ तारखेस एकाच दिवशी तिची हजारावर उड्डाणे रद्द झाली आणि पक्के तिकीट हाती असलेले उतारू विमानतळांवर ताटकळत राहिले. या अरिष्टाचे मुख्य कारण ना वादळ होते, ना धुके. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्णपणे लागू व्हावयाचे आहेत, हे कंपनीस आगाऊ ठाऊक होते. त्यास पुरेल अशी तजवीज मात्र तिने केली नव्हती. पुढे, नियमानुसार देय रकमेखेरीज, फार हाल झालेल्या उतारूंना तिने दहा हजारांची प्रवास-कुपने देऊ केली. जिने ऐन वेळी दगा दिला तिच्याच विमानात पुन्हा बसा, असा या औदार्याचा अर्थ!

वास्तविक असल्या औदार्यावर विसंबण्याचे उतारूस कारण नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे यासंबंधीचे नियम २०१० पासून आहेत व २०१६ साली त्यांतील रकमा वाढविण्यात आल्या. पूर्वसूचनेवाचून उड्डाण रद्द झाल्यास, तिकिटाच्या परताव्याखेरीज, प्रवासाच्या कालावधीनुसार पाच ते दहा हजार रुपये, अथवा मूळ भाडे व इंधन आकार, यांपैकी कमी असेल ती रक्कम देणे कंपनीस भाग आहे.

परंतु या कुंपणास एक भले मोठे खिंडार आहे. ‘असाधारण परिस्थिती’ उद्भवल्यास कंपनी भरपाईतून मुक्त होते. दाट धुक्यात विमान हाकावे, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. प्रश्न एवढाच की, परिस्थिती असाधारण होती हे ठरवावयाचे कोणी? व्यवहारात ते प्रथम कंपनीच ठरविते. म्हणजे आरोपीच न्यायासनावर बसतो. खिडकीवरील कर्मचाऱ्याने ‘तांत्रिक कारण’ एवढे दोन शब्द उच्चारले की, ‘भीक नको पण कुत्रा आवर’ असे म्हणून उतारू निमूटपणे घरची वाट धरतो.

सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत वाट दाखविलेली आहे. आगगाडी जम्मूस सुमारे चार तास उशिरा पोहोचल्याने एका कुटुंबाचे श्रीनगरचे विमान चुकले होते. त्या प्रकरणी रेल्वेने तीस हजार रुपये द्यावेत, हा निर्णय न्यायालयाने २०२१ साली कायम केला. विलंबाचे कारण आपल्या हाताबाहेरचे होते हे रेल्वेनेच सिद्ध करावयास हवे होते, असे न्यायालयाने बजावले. युरोपीय न्यायालयानेही २००८ साली, विमानातील तांत्रिक बिघाड हा सामान्यतः असाधारण प्रसंग ठरत नाही, असा निर्वाळा दिला. सरकारी रेल्वेस जे बंधन, ते खासगी विमान कंपन्यांस का नसावे?

आमची मागणी अवाजवी नाही. उड्डाण रद्द होताच कंपनीने कारण लेखी द्यावे, ठराविक मुदतीत त्याचा पुरावा महासंचालनालयापुढे मांडावा, आणि तो न मांडल्यास भरपाई अर्जावाचून उतारूच्या खात्यात जमा व्हावी. तोवर उतारूंनीही भीड सोडावी. तिकीट व कंपनीचे संदेश जपून ठेवावेत, लेखी कारण मागावे आणि नकार आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाचे दार ठोठवावे. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारे आपण पाच-दहा हजारांच्या न्याय्य हक्कावर मुकाट्याने पाणी सोडतो, आणि आपल्या या मौनाचे व्याज कंपन्या सुखाने खात राहतात.