पडवीतली धूळ

चतुर्थी महिन्यावर आली, की आपल्या गावागावांतील मेस्तांच्या पडवीत विजेच्या करवतीचा आवाज रात्रीही थांबत नाही. कुणाला मखर हवे असते, कुणाला माटोळीची नवी चौकट, कुणाला पाट. बाहेर पाऊस कोसळत असतो, म्हणून दार लोटलेले असते आणि आत दिव्याच्या उजेडात पिवळसर धुके तरंगत असते. त्याच पडवीत मुले अभ्यासाला बसतात, रात्री अंथरुणेही तेथेच पडतात. हे धुके म्हणजे लाकडाची धूळ होय; आणि ती निरुपद्रवी आहे ही समजूत आता सोडून दिली पाहिजे.

वाडवडिलांनी हेच काम केले, त्यांना काय झाले, असा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर हत्यारात आहे. हातरंध्यातून ढलप्या निघत, हातकरवतीतून जाडसर भुसा पडे आणि दोन्ही जमिनीवर बसत. विजेचे सँडर लाकडाचे पीठ करते. त्यातील सूक्ष्म कण डोळ्यांना दिसत नाहीत, दीर्घकाळ हवेत राहतात आणि फुप्फुसात खोल उतरतात. शिवाय पूर्वी कुणाला काही झाले नाही, हेही खरे नव्हे. इंग्लंडमधील हाय विकम परिसरातील फर्निचर कामगारांमध्ये नाकाचा एरवी विरळा असणारा कर्करोग विलक्षण प्रमाणात आढळल्याचे १९६८ साली प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ निश्चितपणे कर्करोगकारक ठरविली. आज स्वस्त म्हणून वापरल्या जाणाऱ्या एमडीएफच्या चिकटद्रव्यात बहुधा फॉर्मल्डिहाइड असते. त्यालाही २००४ साली त्याच वर्गात टाकण्यात आले. प्रत्येक मेस्ताला हा रोग होईल असे कुणी म्हणत नाही. परंतु दमा, सततची सर्दी, सागवान व शिसवीने उठणारी खाज यांचा उपद्रव त्याहून कितीतरी सार्वत्रिक आहे.

धूळ जेथे उत्पन्न होते तेथेच ती ओढून घ्यावी, हे तत्त्व १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १४ व्या कलमात घातले गेले. कायदे पुढे बदलले. पण पोटचा मुलगा हाताशी घेऊन घरी राबणारा मेस्त कारखाना निरीक्षकाच्या कक्षेत कधीच आला नाही. त्याचे रक्षण त्यानेच करावयाचे आहे, आणि ते अवघड नाही.

यंत्राला बारीक गाळणीचा व्हॅक्यूम जोडावा. सँडरचे काम शक्यतो उघड्या अंगणात किंवा मांडवाखाली करावे. आतच करणे भाग असेल, तर वारा बाहेर फेकणारा पंखा बसवावा. कोरड्या केरसुणीने झाडू नये, कारण बसलेली धूळ त्याने पुन्हा उठते; ओल्या फडक्याने पुसावे. तोंडाला बांधलेला रुमाल हे केवळ मनाचे समाधान आहे. २०२० च्या साथीने घरोघर पोहोचविलेला एन-९५ मास्क नाकागालांशी घट्ट बसवून वापरावा. मात्र धूळ पकडण्याऐवजी नव्हे, तर ती पकडूनही जी उरते तिच्यासाठी. काम संपताच अंग धुवावे, कपडे बदलावे, आणि मगच लेकराला जवळ घ्यावे. पडवीतील अंथरुणे तर आजच हलवावीत.

सरकारचेही यात कर्तव्य आहे. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतारांचा समावेश असून, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठेवलेले आहे. यंत्र हाती देणाऱ्याने त्या यंत्राच्या धुळीचा बंदोबस्तही शिकविला पाहिजे, आणि हत्यारांच्या पेटीत मास्क व गाळणी यांना करवतीइतकेच मानाचे स्थान दिले पाहिजे.

आपण मात्र मखराची नक्षी न्याहाळतो, मजुरीत घासाघीस करतो आणि मेस्ताच्या खोकल्याकडे कानाडोळा करतो. यंदा मखर सांगावयास जाल तेव्हा चार दिवस आधी जा, म्हणजे त्याला रात्री दार लोटून काम करावे लागणार नाही. देवाच्या आसनासाठी माणसाचा श्वास खर्ची पडावा, हे कोणत्याही देवाला रुचणारे नाही.